उघडझाप

ऐन डिसेंबरात पाऊस पडला आणि खिडकीशी बसलेला मात्तुस म्हणाला, "मेलो."

"अजून नाही मेलास. कॉफी गार होतेय," रिस्तेन म्हणाली. पण हातातलं भांडं खाली ठेवून तीही खिडकीशी आली.

दुसऱ्या मुलखात पावसाला लोक हात जोडत असतील. आमच्या उत्तरेत थंडीतला पाऊस म्हणजे शिवी. तो बर्फावर पडतो, वरच्या वर गोठतो आणि सगळ्या रानावर काचेचं झाकण बसतं. रेनडियरचं खाणं त्या झाकणाखाली असतं, रानातलं पांढरं दगडफूल. जनावर बर्फात नाक खुपसतं, वासानं ते हुडकतं आणि खुरानं उकरतं. वर काच बसली की वासच येत नाही. ज्यांना थोडाफार येतो ती उकरायला जातात आणि काचेच्या कडांनी नडग्या सोलून घेतात.

मात्तुसची नडगी आधीच गेली होती. बर्फावर चालणाऱ्या पट्ट्याच्या गाडीला आमच्याकडे स्कूटर म्हणतात. पहिलं बर्फ पडलं तेव्हा त्याची स्कूटर झाकलेल्या दगडावर चढून उलटली, आणि तेव्हापासून तो प्लास्टरचा पाय खुर्चीवर टाकून स्वैपाकघरातून कळप सांभाळत होता. म्हणजे बायकोवर ओरडत होता.

पाऊस थांबला, कडाका पडला. रिस्तेन कुऱ्हाड घेऊन रानात गेली. घाव घातला तर ठण्ण आवाज झाला, ऐरणीवर मारल्यासारखा. कळप उभा होता. नुसता उभा. चरणारा कळप आणि उभा कळप यांतला फरक आमच्या पोरांना चालता येण्याआधी कळतो. गाभण्या माद्या मान खाली घालून होत्या आणि त्यांच्या पायांशी बर्फावर लाल थेंब पडले होते. मधोमध गाब्बा. गाब्बा म्हणजे अंगभर पांढरा रेनडियर, नशीबवान समजतात. हा खच्ची केलेला, माणसाळलेला, गळ्यात घंटा असलेला. तो जाईल तिकडं कळप जातो. त्यानं रिस्तेनच्या बाहीला नाक लावलं आणि हुंगलं. बाहीत काही नव्हतं.

तिचा दीर युव्वा मागून आला. त्यानं दातांनी हातमोजा ओढून काढला आणि बोटानं ती पापडी टोकरली.

"वहिनी, हे रान संपलं."

"दिसतंय मला."

"पोत्यातलं खाणं घातलं तर?"

"रिकाम्या पोटी एकदम पोत्यातलं घातलं की हगून मरतात. तुला माहीत आहे, मला कशाला विचारतोस?"

युव्वानं हातमोजा परत चढवला. दोघांनीही नदीकडं बघितलं. नदीच्या अलीकडं रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडं जुनं सुरूसारखं उंच जंगल, ज्याला अजून कुणी करवत लावलेली नाही. तिथल्या झाडांवरून म्हाताऱ्याच्या दाढीसारखं दगडफूल लोंबतं. त्याला काच लागत नाही. कळप तिथं पोहोचला तर वसंतापर्यंत जगेल आणि वासरं होतील. नाही पोहोचला तर नाही.

मध्ये फक्त रस्ता. पण रस्ता म्हणजे खाणीचा रस्ता. दगड भरलेले दुहेरी ट्रक त्यावरून एकामागोमाग एक चालू असतात, सणाला नाही, सुतकाला नाही. जनावरांची वाट त्या जागी रस्त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, पण नकाशा काढणाऱ्याला जनावरं भेटायला गेली नव्हती.

मात्तुसनं खाणीच्या वाहतूक ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या पोरीचा आवाज गोड होता. गोड आवाजात नाही म्हणायला तिकडं खास शिकवतात.

"फक्त कळप ओलांडेपर्यंत थांबवा," मात्तुस म्हणाला.

"आधी कळवायला हवं होतं तुम्ही."

"पाऊसही आधी कळवून आला नाही, बाई."

"तुम्ही त्या काळ्या पिशव्या लावता ना? आमचे ड्रायव्हर बघतात त्या."

फोन ठेवला आणि मात्तुसनं कप भिंतीवर मारला. रिस्तेननं तुकडे झाडून घेतले. "दुसरा मारायचा असेल तर आत्ताच मार," ती म्हणाली, "एकदाच झाडू दे."

पिशव्यांचं असं आहे. रस्त्याच्या कडेला बर्फ काढणाऱ्या गाडीसाठी उंच काठ्या रोवलेल्या असतात. कळप जवळ आला की आम्ही त्या काठ्यांना कचऱ्याची काळी पिशवी बांधतो. ती फडफडताना दिसली की गाडीवाल्यानं समजायचं, जनावरं आहेत, हळू. साधी, चांगली सोय. पुढं काय झालं ते येईलच.

त्याच संध्याकाळी त्यांची मुलगी सुन्ना गावातल्या मासेमारीच्या दुकानातून एक बॅटरी घेऊन आली. मुठीएवढी, जड. बटण एकदा दाबलं की साधा उजेड. दाबून धरलं की उघडझाप, अशी भराभर की बघणाऱ्याचं डोकं गरगरावं. स्वैपाकघरात लावली तेव्हा सगळ्यांची तोंडं तुकड्यातुकड्यानं दिसली आणि कुत्रा टेबलाखाली गेला.

"कळप हलवायचाय की नाचवायचाय?" युव्वा म्हणाला.

"काका, तू आधी नाचून दाखव. मग ते शिकतील."

"असली खेळणी घेऊन आमच्या बापांनी कळप हाकले नाहीत."

"तुझ्या बापाच्या वेळी ट्रक नव्हते," रिस्तेन म्हणाली. विषय संपला.

कळप विखुरलेला होता, गोठलेल्या तळ्याच्या दोन्ही बाजूंना. गोळा करायला निघाले तेव्हा वाऱ्यानं भुरभुर बर्फ उडवायला सुरुवात केली. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, आणि हात हलवला तर वीस पावलांवर दिसत नाही. एरवी अशा वेळी एक जण इकडं, एक तिकडं, मधल्या जनावरांना दोघंही वेगळीकडे हाकतात आणि संध्याकाळी घरी भांडतात. त्या दिवशी सुन्नानं पलीकडच्या काठावरून उघडझाप लावली. साधा उजेड त्या उडत्या बर्फात विरघळला असता. पण मिटणारं-उघडणारं काही दिसलं की डोळा आपसूक तिकडं वळतो. रिस्तेन थांबली. सुन्नानं बंद केली, रिस्तेन निघाली. न ठरवता ठरलं. लावली की थांब, विझवली की चल.

युव्वाचं मन त्यानं वळलं नाही. ते वळलं थोड्या वेळानं. तळ्यात बर्फावर पाणी साचून वरून कोवळं बर्फ बसलेलं असतं, दिसत नाही. त्याची स्कूटर त्यात रुतली, पट्टा पाण्यात, आणि पाणी बघता बघता घट्ट व्हायला लागलं. दोर आणायला घरी जायला हवं होतं, पण त्या धुरळ्यात परत येऊन गाडी सापडायची कशी? सुन्नानं बॅटरी स्कूटरच्या सीटवर बांधली आणि उघडझाप लावून ठेवली. दोर घेऊन परत आले तेव्हा सगळं तळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात एक जागा धडधडत होती. सरळ तिथं गेले.

युव्वानं दोर बांधला. गाडी ओढून बाहेर काढली. मग म्हणाला, "कुठल्या दुकानातून आणलीस म्हणालीस?"

कळप रस्त्याजवळच्या कुरणात आणून ठेवला. युव्वा दुसऱ्या घरच्या दोघांना मदतीला बोलवायला गेला. ओलांडायचं दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. पण उपाशी जनावराला उद्या कळत नाही. रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचा वास गाब्बाला लागला. तो रस्त्यावरून ढकललेल्या बर्फाची कडेला साचलेली भिंत चढून रस्त्यावर उतरला, मागे पाचसात माद्या, आणि सगळ्या मिळून डांबर चाटायला लागल्या.

आमच्याकडे त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही. भर दुपारी निळसर अंधूक असतं, त्यात पांढऱ्या रस्त्यावर पांढरा गाब्बा. सुन्ना धावत रस्त्यावर गेली. वळणावरून ट्रकचे दिवे आले. तिनं बॅटरी वर केली आणि उघडझाप नेमकी ड्रायव्हरच्या तोंडावर धरली.

ट्रकनं ब्रेक मारला. मागचा डबा फिरला, पुढच्या डब्याच्या बाजूनं घसरत आला. सुन्नानं भिंतीत उडी टाकली. तिच्या हातातल्या बॅटरीचा झोत फिरून गाब्बावर पडला आणि गाब्बा खिळल्यासारखा उभा राहिला. माद्या पळाल्या, एक सोडून. ट्रक बर्फाच्या भिंतीत तोंड खुपसून थांबला तेव्हा गाब्बा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता, आणि ती एक मादी मागच्या चाकाखाली.

ड्रायव्हर उतरला. मोठा माणूस, लालबुंद. नदीकाठच्या गावातला, फिन भाषा बोलणाऱ्यांपैकी, नाव यार्मो. हे नंतर कळलं. आधी शिव्या कळल्या.

"डोळ्यांत मारतेस? डोळ्यांत? मला काही दिसलं नाही! पांढरं, काळं, पांढरं, काळं! तू उभी आहेस की झाड आहे तेही दिसलं नाही! चिरडली असती तुला, आणि जन्मभर मी रात्री दचकून उठून बसलो असतो!"

"थांबवायला दुसरं काय करणार होते?" सुन्ना ओरडली. "पिशव्या लावल्यात ना कडेला! आंधळा आहेस?"

यार्मो हसला. ते हसणं शिव्यांपेक्षा वाईट होतं.

"पिशव्या! बाई, तुमच्या पिशव्या मी जूनमध्ये बघतो. जुलैमध्ये बघतो. तुमची जनावरं शंभर कोस लांब डोंगरात असतात आणि पिशवी इथं फडफडत असते. मागच्या वर्षीची आहे, त्याच्या आधीची आहे. सुरुवातीला मी हळू करायचो. सगळेच करायचे. आता कोण करतं? काठीला पिशवी असतेच, काठीला काठी असते तशी."

सुन्नानं मागून धावत आलेल्या आईकडं बघितलं. रिस्तेन कडेच्या काठीवरची चिंधी बघत होती. पिशवी लावायला सगळे धावतात. काढायला कोण जातं? कळप पुढं गेला की आम्ही कळपामागं गेलो. मात्तुसनं लावल्या, युव्वानं लावल्या, सगळ्या उत्तरेनं लावल्या. खाणीनं आमचं पुष्कळ वाटोळं केलंय, पण ती पिशवी खोटी आम्हीच पाडली.

"किती आहेत तुमच्याकडं?" यार्मोनं हात पँटला पुसत विचारलं. "एवढ्यातली एक गेली तर—"

"तुझ्या बँकेत किती आहेत?" सुन्ना म्हणाली. "सांग ना. मोठ्यानं सांग."

यार्मोचं तोंड उघडं राहिलं. कुणाकडं किती जनावरं हे आमच्यात विचारत नाहीत. भाऊ भावाला विचारत नाही. नदीकाठच्यांना ते माहीत असतं, आणि माहीत असूनही ते विचारतात.

"बरं," तो हळूच म्हणाला. "चुकलं."

रिस्तेननं कमरेचा सुरा काढला होता. मादी गरम होती तोवरच सोलायला हवी होती, टाकून देणं पाप. पोटात वासरू होतं, रिस्तेनच्या तळव्याएवढं. ते तिनं वेगळं काढून झाडाखाली बर्फात पुरलं. यार्मो बघत होता. मग न सांगता त्यानं वाकून मादीचे मागचे पाय धरले, तिला सोलणं सोपं जावं म्हणून. दोन्ही डोकी खाली होती तेव्हा रिस्तेन म्हणाली, "पिशव्या मी काढते. सगळ्या. आणि मग लावीन तेव्हा ती खरी असेल."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग मी वायरलेसवर सांगीन," यार्मो म्हणाला. "ऐकतील की नाही माहीत नाही. पण सांगीन."

घरी मात्तुस भडकला. "पिशव्या काढायच्या? आणि वरून त्यांची माफी? जनावर आपलं मेलं!"

"तू लावल्यास, मी काढते. माफी कुणी मागितली नाही."

"लोक हसतील."

"हसू दे. हसणारा माणूस हळू चालवतो."

युव्वालाही पटलं नव्हतं. पिशव्या काढल्या की रस्ता मोकळा समजून अजून जोरात हाकतील, असं त्याचं म्हणणं. रिस्तेन म्हणाली, आत्ता काय कमी जोरात हाकतात?

ओलांडायचं एक दिवस पुढं ढकललं आणि सकाळी दोघी मायलेकी निघाल्या. काही पिशव्या नव्या होत्या, त्या सुटल्या. जुन्या फाटून चिंध्या झालेल्या, काठीला गोठून चिकटलेल्या. सुऱ्यानं खरवडाव्या लागल्या. हातमोज्यानं गाठ धरता येत नाही आणि उघडी बोटं लगेच पांढरी पडतात, म्हणून एकीनं सोडायचं, तोवर दुसरीनं बोटं काखेत घालायची. ट्रक शेजारून जायचे, वाऱ्यानं तोंडावर बर्फ मारायचे. एकानं काच खाली केली. "काय आजीबाई, खाणीत सफाईचं काम मिळालं का?" रिस्तेननं मान वर केली नाही. सुन्नानं केली, आणि जे बोलली ते मी लिहीत नाही. संध्याकाळी स्कूटरच्या मागची घसरगाडी काळ्या चिंध्यांनी भरली होती. एका घराची नव्हे, सगळ्यांची. दुसऱ्यांची घाण उपसताना माणसाला राग येतो, पण आपली कुठली आणि दुसऱ्याची कुठली हे ओळखता येत नव्हतं, म्हणून राग कुणावर काढायचा तेही कळेना.

मात्तुस दारात कुबड्या लावून उभा होता. ढीग बघितला. बराच वेळ बघितला.

"ही माझी," तो एका पिशवीकडं बोट दाखवून म्हणाला. "गाठ माझी आहे." मग म्हणाला, "मला गाडीत बसव."

"कुठं निघालास?"

"कुठं नाही. त्या ड्रायव्हरला काय दिसतं ते बघायचंय. तुमच्यापैकी कुणाला ते डोकं आहे का? बसव."

त्याला जुन्या पिकअपमध्ये बसवलं. प्लास्टरचा पाय आत मावेना, शेवटी दार उघडं ठेवून पाय बाहेर. अंगावर तीन कातडी. सुन्ना बॅटरी घेऊन अंगणाच्या वाटेनं लांब गेली आणि त्याच्या तोंडावर उघडझाप धरली.

"काही दिसत नाही!" मात्तुस ओरडला. "तो लाल्या खरं बोलला! झोत उतरव!"

तिनं झोत खाली रस्त्यावर धरला. "थोडं दिसतंय! कुणीतरी बर्फ खणतंय असं वाटतं!"

मग तिनं झोत वळवला आणि वाटेच्या कडेच्या बर्फाच्या भिंतीवर मारला. भिंत पेटली. विझली. पेटली. माणसाएवढी उंच, लांबलचक पांढरी भिंत धडधडायला लागली, आणि तिच्यापुढं सुन्ना काळी, स्पष्ट, टोपीच्या गोंड्यासकट.

मात्तुस काही ओरडला नाही. पिकअपचा भोंगा वाजवत राहिला, शेजारची कुत्री भुंकेपर्यंत.

बॅटरी जनावरांकडं पाठ करून धरायची, हेही ठरलं. उजेड अंगावर आला की गाब्बा गोठतो हे त्यांनी बघितलं होतं. आणि बॅटरी थंडीत दम सोडते, म्हणून वेळ येईपर्यंत काखेत ठेवायची. सुन्ना हे सांगत होती तेव्हा युव्वानं खिशातून एक पुडकं काढून टेबलावर ठेवलं. आत तसलीच बॅटरी.

"दुसरं टोकही धरायला लागेल ना," तो भिंतीकडं बघत म्हणाला.

"काका, नाचणार का?"

"गप बस गं."

सकाळी फावडी घेऊन दोन्ही बाजूंच्या बर्फाच्या भिंतीत खिंड पाडली. ताजं बर्फ ओढून डांबरावर पसरलं, मिठाचा वास दाबायला. वर त्या सुरूसारख्या झाडांच्या फांद्या टाकल्या. दोन्ही टोकांना, वळणांच्या पलीकडं, जिथून ट्रकला थांबायला भरपूर जागा मिळेल तिथं, एकेक काठी निवडून नवीकोरी पिशवी बांधली. सगळ्या रस्त्यावर तेवढ्या दोनच.

सुन्ना गाब्बाला धरून खिंडीशी. दुसऱ्या घरची दोघं कळपाच्या मागं. युव्वा वरच्या टोकाला. खालच्या टोकाला रिस्तेन, एकटी.

तिथून तिला खिंड दिसत नव्हती. वळण मध्ये होतं. तिला फक्त रस्ता दिसत होता, निळा, मोकळा, आणि शेजारी पिशवी फडफडत होती. तिनं काखेतून बॅटरी काढली आणि उघडझाप लावून झोत भिंतीवर टाकला.

लांबून दिवे आले. मोठे होत गेले. वेग तोच. रिस्तेनच्या मनात आलं की सुन्ना आत्ता रस्त्याच्या मधोमध असेल, गाब्बाच्या दोरीला धरून. झोत वर करावा, सरळ त्याच्या काचेवर मारावा, असं हाताला वाटायला लागलं. तिनं दुसऱ्या हातानं तो हात धरला. भिंतीवर. भिंतीवरच.

दिवे खाली झाले. इंजिनाचा सूर उतरला. ट्रक हळू झाला, अजून हळू, फुसकारत थांबला. ड्रायव्हरनं काच खाली केली. कालचाच, सफाईचं विचारणारा.

"वायरलेसवर आलं होतं," तो म्हणाला. "आता दिसेल ती पिशवी खरी आहे म्हणून. मला वाटलं यार्मो चढवून आलाय." त्यानं मागं वळून बघितलं, मागं एकही काठी काळी नव्हती. "काल तुम्ही... त्यासाठी काढत होता होय."

"इंजिन बंद कर," रिस्तेन म्हणाली.

"का?"

"मला ऐकायचंय."

त्यानं केलं. मागं दुसरा ट्रक येऊन थांबला, त्यालाही यानं हातानं खूण केली. तिसराही थांबला. एकेक घरघर बंद पडत गेली आणि असं शांत झालं की पिशवीची फडफड मोठी वाटायला लागली.

आणि त्या शांततेत आवाज आला. रेनडियर चालताना त्याच्या पायातली शीर हाडावरून सरकते आणि टिक वाजते. एका जनावराची टिक कुणाला ऐकू जाणार नाही. पण सगळा कळप चालला की कडाक्याच्या हवेत ती लांबवर येते, कुणीतरी सुकी काटकी मोडत चाललंय, मोडत चाललंय, संपत नाही. आधी गाब्बाची घंटा. मग टिकटिक. दाट, अजून दाट.

ड्रायव्हर केबिनच्या पायरीवर उभा राहिला. टोपी काढली नाही, थंडी तेवढी होती. पण कानांवरून ती वर सरकवली. रिस्तेनची बोटं बॅटरीभोवती वळलेली होती, ती आता तिची राहिली नव्हती. उघडझाप मंद व्हायला लागली. तिनं कोटाचं बटण तोडून बॅटरी धरलेला हात आत घेतला, उजेडाचं तोंड तेवढं बाहेर, आणि सगळी ऊब तिला दिली. भिंत पुन्हा नीट पेटली.

तिसऱ्या ट्रकमधून यार्मो उतरून चालत आला. तोही ऐकत उभा राहिला.

टिकटिक विरळ झाली. मग मागची, रेंगाळणारी, लंगडी काही. मग एक. मग नुसती पिशवी.

"कि—" यार्मोनं तोंड उघडलं आणि मिटलं. घसा साफ केला. "सगळी आली का?"

रिस्तेन अजून थोडं थांबली. लांब, नदीच्या अंगाला, घंटा एकदा वाजली. झाडांतून वाजली, घुसमटलेली. मान वर करून झाडावरची दाढी ओढणाऱ्या जनावराची घंटा तशीच वाजते.

"आली," ती म्हणाली. "चरतायत."

तिनं उघडझाप बंद केली. ड्रायव्हर पायरी चढला, पण तिनं हात आडवा केला. ती काठीकडं गेली, गाठ सोडायला लागली. बोटं वळेनात. दातांनी ओढली, तरी सुटेना. यार्मोनं खिशातला चाकू काढला, आणि मग परत खिशात ठेवला. हातमोजे काढले आणि उघड्या बोटांनी गाठ उलगडत बसला, पिशवी फाटणार नाही अशी.

"पुन्हा लागेल ना," तो म्हणाला.

"वसंतात. परत जाताना."

त्यानं पिशवीची घडी घातली आणि तिच्या हातात दिली. काठी मोकळी झाली. तेव्हा कुठं तिनं हातानं जायची खूण केली, आणि ट्रक चालू झाले.